पेट स्कॅनमागचे डॉक्टर: ज्यांचं औषध दर तासाला कमी होत जातं

"मुंबईला पाठवलंय, पेट स्कॅन सांगितलाय." बऱ्हाणपुरात ज्या घरात कॅन्सरचं निदान झालंय, तिथे हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. काही जण इंदूर गाठतात, काही जळगाव-नाशिककडे जातात, आणि बरेच जण रात्रीची गाडी पकडून परळला टाटा मेमोरियलमध्ये पोचतात. तिथे सर्जन भेटतात, केमोचे डॉक्टर भेटतात, शेक देणारे डॉक्टर भेटतात. त्यांचं काम काय, हे साधारण सगळ्यांना कळतं. पण पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह लावलेल्या विभागात जे डॉक्टर बसतात, ते नेमकं काय करतात? सुई का देतात, तासभर एकटं का बसवतात, आणि 'उशीर झाला, आता उद्या या' असं एवढं कडक का बोलतात?

हे न कळल्यामुळे आपल्या भागातल्या लोकांचे पैसे जातात, दिवस जातात, आणि कधी कधी भीतीपोटी बरा होण्यासारखा आजारही अंगावर काढला जातो. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

एक्स-रे बाहेरून, हे आतून

या शाखेला न्यूक्लिअर मेडिसिन म्हणतात, मराठीत अणुवैद्यक. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये मशीन बाहेरून किरण सोडतं आणि शरीराच्या आतल्या रचनेचं चित्र मिळतं. अणुवैद्यकात उलटं असतं. किरण देणारं औषध अगदी थोड्या प्रमाणात शरीरात सोडतात, आणि कॅमेरा बाहेर बसून फक्त ते किरण टिपतो. चित्र मिळतं ते अवयव काम कसा करतोय याचं.

आपला कुंडी भंडारा डोळ्यासमोर आणा. जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या कुंड्या, आतून वाहणारं पाणी. वरून बघून पाणी कुठे अडलंय हे सांगता येत नाही. पण एका कुंडीत थोडा रंग टाकला आणि पुढच्या कुंड्यांमधून डोकावत गेलं, तर तो कुठवर पोचला आणि कुठे थांबला ते समजतं. अणुवैद्यकातलं औषध म्हणजे असा रंग. हाडांकडे जाणारं औषध वेगळं, किडनीचं वेगळं, हृदयाचं वेगळं. दोन किडन्यांपैकी कोणती किती टक्के काम करतेय, हे सांगणारी तपासणी याच विभागात होते. पेट स्कॅनमध्ये वापरतात ती साखरेसारखी वस्तू असते, एफडीजी नावाची. ज्या पेशी जास्त साखर खातात त्या चित्रात चमकतात, आणि कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखरेच्या खादाड असतात.

दिवसाची सुरुवात औषध मोजण्यापासून

मेडिकल कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयात या विभागाचा दिवस लवकर सुरू होतो. कारण इथलं औषध कपाटात ठेवून पुरवून वापरता येत नाही. ते आपोआप संपत जातं.

एफडीजीमधलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सकाळी ६ वाजता १०० भाग असेल, तर ७ वाजून ५० मिनिटांनी ५० उरतं, ९ वाजून ४० मिनिटांनी २५, आणि साडेअकराला साडेबारा. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं. हे यंत्र प्रत्येक शहरात नसतं, त्यामुळे बाकीच्या ठिकाणी औषध गाडीने किंवा विमानाने येतं. विभागातले डॉक्टर आणि तंत्रज्ञ आदल्या दिवशीच हिशोब मांडतात: किती रुग्ण, कोणाचं वजन किती, कोणाची सुई किती वाजता. तुमच्या वाट्याचा डोस तुमच्या वेळेला धरून काढलेला असतो. तुम्ही दोन तास उशिरा पोचलात, तर त्यातला निम्म्याहून कमी उरलेला असतो. रिसेप्शनवरचा माणूस रागावतो तो शिस्तीसाठी नव्हे. औषध खरोखरच गेलेलं असतं.

हाडांच्या, थायरॉइडच्या, किडनीच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याचं आयुष्य जरा बरं, निम्मं व्हायला ६ तास. त्यासाठी विभागात जनरेटर नावाचा शिशाने वेढलेला छोटा डबा असतो. त्याच्या आत मॉलिब्डेनम-९९ असतं. ते हळूहळू टेक्नेशियममध्ये बदलत राहतं, आणि रोज सकाळी सलाइन सोडून टेक्नेशियम वेगळं काढतात. जगभरचे डॉक्टर या डब्याला गमतीने 'गाय' म्हणतात आणि या कामाला 'दूध काढणं'. सकाळी काढलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुन्हा भरतं. पण मॉलिब्डेनम स्वतःही ६६ तासांनी निम्मं होतं, म्हणून आठवडाभरात गाय आटते आणि नवा डबा मागवावा लागतो.

हे मॉलिब्डेनम जगातल्या मोजक्या अणुभट्ट्यांमध्ये तयार होतं. कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी मे २००९ मध्ये बंद पडली आणि वर्षाहून जास्त काळ बंद राहिली, तेव्हा जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. अशा वेळी कोणाचा स्कॅन आज करायचा आणि कोणाचा पुढे ढकलायचा, हे ठरवणं याच डॉक्टरांच्या माथी येतं.

सुईच्या आधीचे प्रश्न

मोठ्या रुग्णालयात तुम्हाला आधी भेटतात ते शिकाऊ डॉक्टर, म्हणजे रेसिडेंट. ते एमबीबीएस झालेले असतात आणि एमडीची ३ वर्षं इथे करत असतात. ते बरंच काही विचारतात, आणि बऱ्याच जणांना वाटतं, फाइलमध्ये सगळं लिहिलंय तर पुन्हा कशाला?

कारण प्रत्येक उत्तराने चित्र बदलतं. शेवटची केमो कधी झाली? पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं का? घेतलं असेल तर हाडांचा मगज चमकतो आणि रोग पसरल्यासारखं दिसू शकतं. शुगर आहे का, आज किती आहे? रक्तातली साखर खूप वाढलेली असेल, तर औषध गाठीपर्यंत नीट पोचत नाही आणि स्कॅन वाया जातो. पूर्वी टीबी झाला होता का? ऑपरेशन कुठे झालं, जखम किती दिवसांची आहे? घरात बाळ आहे का? दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?

शेवटचा प्रश्न आपल्याकडे सासूसमोर, दिरासमोर विचारला की बाई 'नाही' म्हणून मोकळी होते. म्हणून चांगल्या विभागात हा प्रश्न बाईला बाजूला घेऊन विचारतात, आणि शंका असेल तर आधी तपासणी करतात. नातेवाइकांनी त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

पेट स्कॅनसाठी साधारण ४ ते ६ तास उपाशी राहायला सांगतात. साधं पाणी चालतं. सुई दिल्यावर सुमारे तासभर शांत खोलीत पडून राहायचं असतं. बोलायचं नाही, फिरायचं नाही, मोबाइलवर गप्पा नाहीत. कारण जो स्नायू काम करेल तो साखर खाईल आणि चमकेल. गुटखा किंवा सुपारी चघळत बसलेल्या माणसाच्या जबड्याचे स्नायू स्कॅनमध्ये उठून दिसतात. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण असेल, तर नेमक्या त्याच जागेचं चित्र बिघडतं. थंडीने कुडकुडलेल्या माणसाच्या मानेतली विशिष्ट चरबीसुद्धा चमकते, म्हणून घोंगडी पांघरायला देतात. हे सगळं बघणं डॉक्टरांच्याच कामात मोडतं.

चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं

स्कॅन २०-३० मिनिटांत होतो. रिपोर्टला मात्र वेळ लागतो, आणि डॉक्टरांची खरी परीक्षा तिथेच असते.

मेंदू तर प्रत्येकाचा चमकतो, कारण तो साखरेवरच चालतो. हृदय बऱ्याचदा चमकतं. लघवीची पिशवी चमकते, कारण औषध तिथून बाहेर पडतं. हे नेहमीचं झालं. अडचण येते ती गाठींची. आपल्या देशात टीबी घरोघरी माहीत आहे, आणि टीबीची गाठही पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच चमकू शकते. समजा, एखाद्याच्या तोंडात कॅन्सर आहे आणि छातीतल्या गाठी चमकताहेत. त्या कॅन्सरच्या असतील तर रोग पसरलाय, ऑपरेशनचा फायदा नाही. त्या टीबीच्या असतील तर ऑपरेशन होऊ शकतं आणि माणूस बरा होऊ शकतो. रिपोर्टमधल्या एका ओळीवर इतकं अवलंबून असतं.

अशा वेळी चांगला डॉक्टर ठामपणे 'पसरलाय' असं लिहून मोकळा होत नाही. तो गाठींचा आकार बघतो, दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघतो, जुने स्कॅन मागवतो, आणि गरज असेल तिथे 'या गाठीतून सुईने तुकडा काढून तपासा' असं लिहितो. तुकडा कोणत्या गाठीतून काढायचा हे पेट स्कॅन सांगतं. तो टीबीचा की कॅन्सरचा, हे शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

शिकवणाऱ्या रुग्णालयाचा फायदा इथे कळतो. आधी रेसिडेंट स्कॅन वाचून आपलं मत लिहितो. मग वरिष्ठ डॉक्टर तोच स्कॅन त्याच्या शेजारी बसून पुन्हा वाचतात आणि विचारतात, 'हे तू कशावरून म्हणालास?' त्यानंतर ट्यूमर बोर्डच्या बैठकीत सर्जन, केमोचे डॉक्टर, शेक देणारे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात, आणि अवघड केस सगळ्यांसमोर मांडली जाते. वेळ जास्त लागतो, रुग्णाला वाटतं रखडवलं. पण एकाच चित्राकडे अनेक डोळे गेलेले असतात.

म्हणून जुन्या सीटी-एमआरआयच्या सीडी आणि बायोप्सीचे कागद गावी ठेवून जाऊ नका. तुलनेला जुना स्कॅन नसेल, तर गाठ वाढली की कमी झाली, हे कोणी सांगू शकत नाही.

हेच डॉक्टर इलाजही करतात

बऱ्याच जणांना वाटतं, हा फक्त स्कॅनचा विभाग. तसं नाही. थायरॉइडचा इलाज इथे होतो, आणि तोही जुना आहे. १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइडच्या रुग्णावर पहिल्यांदा उपचार केले. आपल्याकडे अणुऊर्जा विभागाने मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं ते १९६३ मध्ये. टाटा मेमोरियलच्या आवारातच असलेलं हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे. देशातलं पहिलं पेट स्कॅन मशीन आणि पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये इथेच आलं. देशभरच्या डॉक्टरांनी या केंद्रात शिक्षण घेतलंय.

थायरॉइडची ग्रंथी आयोडीन ओढून घेते. थायरॉइडच्या कॅन्सरचे नेहमीचे प्रकारही बहुतेक वेळा ओढून घेतात. मग आयोडीन-१३१ दिलं, तर ते आपणहून त्या पेशींपाशी पोचतं आणि आतून त्यांना जाळतं. ऑपरेशननंतर उरलेल्या किंवा पसरलेल्या पेशीही त्यात सापडतात. औषध तोंडाने घ्यायचं, कॅप्सूल किंवा पाण्यासारखं. केमोसारखे केस जात नाहीत. हा कॅन्सर वेळेत उपचार झाले तर बहुतांशी आटोक्यात येतो. पण 'अणूचं औषध' म्हटलं की घाबरून काही जण तारीखच चुकवतात, आणि नुकसान त्याने होतं.

तयारी मात्र लागते. थायरॉइडची रोजची गोळी काही आठवडे बंद करतात किंवा त्याऐवजी वेगळं इंजेक्शन देतात. आठ-पंधरा दिवस आयोडीनचं मीठ, मासे बंद. त्याआधी रंग टाकून केलेला सीटी स्कॅन झाला असेल तर सांगावं लागतं, कारण त्या रंगातही आयोडीन असतं आणि ग्रंथी त्यानेच भरलेली राहते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं बरंच आधी थांबवावं लागतं, आणि त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. गरोदर बाईला हे औषध देतच नाहीत. पुढेही काही महिने दिवस जाऊ देऊ नयेत. नेमके किती, ते डॉक्टर लिहून देतात.

अलीकडे ल्युटेशियम-१७७ नावाच्या औषधाने प्रोस्टेटच्या आणि काही दुर्मिळ गाठींच्या पसरलेल्या कॅन्सरवरही याच विभागात उपचार होतात. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही बनतं.

घरी कसे जाणार?

आयोडीनचा डोस ३० मिलिक्युरीपेक्षा जास्त असेल, तर रुग्णाला जाड भिंतींच्या वेगळ्या खोलीत ठेवतात. साधारण दोन-तीन दिवस. तिथलं शौचालयाचं पाणीसुद्धा थेट गटारात सोडत नाहीत. टाक्यांमध्ये साठवून त्यातला किरणोत्सार उतरू देतात. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे ८० दिवसांत हजाराव्या भागाच्या आसपास येतं.

रुग्णाला सोडायचं कधी, हे डॉक्टर अंदाजाने ठरवत नाहीत. मीटर लावून मोजतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घालून दिलेली असते. पण मीटर पास झालं तरी चांगला डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतो: घरी कसे जाणार, आणि घर केवढं आहे?

आपल्यासाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मुंबईत राहणारा रुग्ण अर्ध्या तासात घरी पोचतो. बऱ्हाणपूरचा रुग्ण सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास करतो, आणि जनरलच्या डब्यात आठ-दहा तास कोणाच्या तरी खांद्याला खांदा लावून बसतो. शेजारी कोणाचं तान्हं बाळ असू शकतं, कोणी गरोदर बाई असू शकते. हे डॉक्टरांना आधी सांगितलं, तर ते एखादा दिवस जास्त ठेवून घेऊ शकतात किंवा प्रवास कसा करावा ते सांगतात. न सांगता निघालात, तर ते आपल्या हिशोबाने मुंबईचंच घर धरणार.

घराचंही तसंच. पॉवरलूमच्या खटखटीत दोन खोल्यांत सात माणसं राहत असतील, तर 'वेगळ्या खोलीत झोपा' हे कागदावरच राहतं. ते मोकळेपणाने सांगा. लहान मुलांना काही दिवस मावशीकडे पाठवणं, गच्चीवर किंवा ओसरीत वेगळं अंथरूण टाकणं, असे मार्ग निघतात. एक हिशोब लक्षात ठेवा: अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या हिश्शावर येतात. एका मीटरऐवजी दोन मीटरवर झोपलं तरी मोठा फरक पडतो. आणि हे सगळं मोजक्या दिवसांपुरतं असतं. रुग्णाला कायमचं वाळीत टाकायचं काहीही कारण नाही. त्याच्याशी बोलायला, लांबून ताट द्यायला कोणाला काही होत नाही.

डॉक्टरांना स्वतःला भीती नाही का?

ते रोज तिथे असतात, म्हणून त्यांना जास्त सांभाळावं लागतं. छातीवर टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. या कामातल्या माणसाला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, ५ वर्षांच्या हिशोबावर, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. सामान्य माणसासाठी अशा कामांमुळे येणारी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. पेटचे किरण इतके ताकदवान असतात की शिशाच्या नेहमीच्या एप्रनचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून सुई जाड धातूच्या आवरणात, काम झटपट, आणि काम झालं की लांब. सुई देऊन डॉक्टर किंवा तंत्रज्ञ लगेच दूर जातात, त्याचं कारण हे. माणुसकी कमी म्हणून नव्हे. बोलायचं असेल तर सुईच्या आधी बोलून घ्यावं.

आपल्या गावात हे का नाही?

नुसतं मशीन आणून भागत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, मान्यताप्राप्त रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतो, शिकलेले तंत्रज्ञ आणि डॉक्टर लागतात. आणि औषध वेळेत पोचावं लागतं. मुंबईहून रस्त्याने एफडीजी निघालं आणि बऱ्हाणपूरला पोचायला १० तास लागले, तर १०० भागांतले जेमतेम २ उरतील. टेक्नेशियमचं जनरेटर मात्र असा प्रवास सहन करतं, म्हणून गॅमा कॅमेऱ्याचा छोटा विभाग जवळच्या मेडिकल कॉलेजात होणं अशक्य नाही. किडनी, हाडं, थायरॉइड, हृदय इतक्या तपासण्यांसाठी तरी मग लांब जावं लागणार नाही. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे करण्यासारखी आहे. आणि डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या आपल्या पोरापोरींनी एमबीबीएसनंतरच्या या शाखेकडेही बघायला हरकत नाही.

जाताना एवढं लक्षात ठेवा

- वेळेच्या आदल्या रात्रीच त्या शहरात पोचा. गाडी लेट होणार असं दिसलं की लगेच विभागात फोन करा.
- शुगरची औषधं कधी घ्यायची ते आधीच विचारा. मनाने बंद करू नका.
- गुटखा, सुपारी, च्युइंगम नको. आदल्या दिवशी जड काम नको.
- जुने स्कॅन, बायोप्सी आणि औषधांची यादी सोबत ठेवा.
- आयुष्मान कार्डावर ही तपासणी त्या रुग्णालयात बसते का, हे निघण्याआधीच त्यांच्या आयुष्मान खिडकीवर विचारून घ्या.
- सोबत गरोदर बाई किंवा लहान मूल नेऊ नका.
- आयोडीनचा डोस असेल तर घर, प्रवास, मुलं याबद्दल खरं सांगा, आणि सुटीचं कार्ड जपून ठेवा.

मनात शंका असेल तर ती सुई टोचण्याआधी विचारा. औषध एकदा शरीरात गेलं की परत काढता येत नाही, आणि या विभागात पुढच्या रुग्णाचं घड्याळही चालू असतं.